गर्दीतून बाजूला

सामान्य काळातील तेविसावा रविवार
यशया ३५:४-७, याकोब २:१-५, मार्क ७:३१-३७



आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयातील कपाटात दोन नोंदवह्या शेजारी शेजारी असतात. एक स्नानसंस्काराची आणि दुसरी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराची. या वर्षी फेब्रुवारीत धर्मशिक्षणाच्या नव्या वर्गाची यादी करताना मी या दोन वह्या समोर ठेवून नावे ताडून पाहत होतो. नऊ वर्षांपूर्वीच्या एका पानावर एका मुलीचे नाव आढळले. तिच्या मागची-पुढची मुले केव्हाच वर्गात दाखल झाली होती. हे नाव मात्र कोणत्याच हजेरीपटावर नव्हते. कुटुंब गाव सोडून गेले म्हणावे, तर तिचे वडील दर रविवारी मिस्सेला येतात. मला वाटले, मुलगी आजोळी शिकत असेल. मिस्सेनंतर त्यांना थांबवून विचारले. जरा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फादर, तुम्ही एकदा घरीच या."

पुढचे मी लिहितो आहे ते त्या आईवडिलांना विचारून, आणि नाव न घेता. तुमच्यापैकी काहींना कुटुंब ओळखू येईल. "येऊ दे की," असे तिची आईच म्हणाली.

घरी गेलो. आतल्या खोलीत खिडकीजवळ गादीवर ती पडून होती. बाळंतपण सातव्या महिन्यात झालेले. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हातपाय ताठर. चालता येत नाही, बोलता येत नाही, ऐकू कमी येते आणि अधूनमधून फिट येते. वय नऊ. आई म्हणाली, "पाहुणे आले की ती आतच बरी असते, फादर." मला एकदम आठवले, की गेल्या वर्षी पास्काच्या सणानंतर मी याच घराला आशीर्वाद द्यायला आलो होतो. बाहेरच्या खोलीत पवित्र पाणी शिंपडले, स्वयंपाकघरात शिंपडले, चहा घेतला. आतल्या खोलीचे दार ओढलेले होते आणि ते का ओढले आहे हे मी विचारले नाही. पुढे पाच घरे बाकी होती.

मी विचारले, शाळेचे काय केले? त्या माउलीने कपाटावरून प्लॅस्टिकची एक फाइल काढली. ती उघडल्यावर मला कळले, की या घराने गप्प बसून दिवस काढलेले नाहीत. चार ठिकाणी ते गेले होते. एका ठिकाणी सांगितले, मुलीला शी-शूचे समजत नाही, आमच्याकडे तेवढ्या मदतनीस नाहीत. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, फिट येते, जबाबदारी कोण घेणार? तिसरी शाळा कर्णबधिर मुलांची. तिथे सांगितले, हिच्या बुद्धीचाही प्रश्न आहे, तुम्ही बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत जा. चौथी तीच शाळा होती. तिथे म्हणाले, हिला नीट ऐकू येत नाही, बसताही येत नाही, आमच्या वर्गात ही कशी शिकणार? त्यातून ही जागा मंजूर संख्येत बसत नव्हती. कोणी वाईट बोलले नाही, असे आई आवर्जून म्हणाली. सगळ्यांनी पाणी दिले, खुर्ची दिली आणि परत पाठवले.

यात एक अडचण खरीच आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. आपल्या राज्यात विशेष शाळा पूर्वीपासून प्रवर्गवार चालत आल्या आहेत. अंध मुलांची वेगळी, कर्णबधिरांची वेगळी, अस्थिव्यंगांची वेगळी, बौद्धिक अक्षमांची वेगळी. ज्या मुलाला एकच अडचण आहे त्याच्यासाठी निदान दार कोणते ते ठरलेले असते. ज्याला तीन-चार अडचणी एकदम आहेत त्याचे हाल होतात. खरे तर त्याला शाळेची गरज सर्वांत जास्त, आणि नेमके तेच दोन दारांच्या मधल्या बोळात उभे राहते.

आता आजचे शुभवर्तमान पाहा. दकापलीसच्या प्रदेशात, म्हणजे यहुदी नसलेल्या लोकांच्या मुलखात, काही माणसे येशूकडे एकाला घेऊन येतात. मार्क त्याचे वर्णन करताना दोन गोष्टी सांगतो: तो बहिरा आहे, आणि त्याची जीभ जड आहे. या दुसऱ्या गोष्टीसाठी मार्कने वापरलेला ग्रीक शब्द 'मोगिलालोस' असा आहे, म्हणजे ज्याला कष्टाने बोलता येते तो. सबंध नव्या करारात हा शब्द फक्त इथेच येतो. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तो यशयाच्या पस्तिसाव्या अध्यायात आहे, जो आपण आजच्या पहिल्या वाचनात ऐकला. मार्कला हा शब्द योगायोगाने सुचलेला नाही. बंदिवासातून परतणाऱ्या लोकांना यशयाने जे सांगितले होते, की आंधळे, बहिरे, पांगळे, मुके, कोणीही त्या वाटेवर मागे राहणार नाही, ते इथे एका माणसाच्या बाबतीत घडू लागले आहे, असे त्याला म्हणायचे आहे. त्या माणसाला एक सोडून दोन अडचणी होत्या. याची मुख्य अडचण कोणती, असे येशूने विचारले नाही.

आणि मग मार्क एक गोष्ट सांगतो, जी मी इतकी वर्षे वाचली, पण कधी नीट पाहिली नव्हती. येशूने त्याला गर्दीतून बाजूला नेले.

मार्क हा एरवी घाईने लिहिणारा माणूस. त्याच्या शुभवर्तमानात घटना भराभर पुढे सरकतात. इथे मात्र तो थांबतो आणि एक एक कृती सांगतो. येशूने त्याला एकांतात नेले, त्याच्या कानांत बोटे घातली, थुंकीने त्याच्या जिभेला स्पर्श केला, वर आकाशाकडे पाहिले, उसासा टाकला, आणि मग शब्द उच्चारला. शब्द सर्वांत शेवटी आला. का? ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यापुढे आधी शब्द बोलून काय उपयोग? त्याच्याशी प्रभू आधी हातांनी बोलला. मी तुझ्या कानांसाठी काही करणार आहे, हे कानांना बोट लावून सांगितले. हे माझे सामर्थ्य कुठून येते, हे वर पाहून सांगितले. त्या माणसाला समजेल त्या भाषेत, त्याच्या गतीने, गर्दीचा गोंगाट आणि लोकांच्या नजरा दूर ठेवून.

जून महिन्यात मी एका विशेष शाळेच्या वर्गात तासभर बसलो होतो. तेव्हा मला हाच उतारा समोर दिसला. एक शिक्षिका एका मुलाला चमचा धरायला शिकवत होत्या. आपण चमच्याने खातो तेव्हा ती एक कृती असते. त्या शिक्षिकेसाठी त्या कितीतरी कृती होत्या: वाटीकडे पाहणे, चमच्याला हात लावणे, मूठ मिटणे, चमचा बुडवणे, उचलणे, तोंडापर्यंत आणणे, ओठ मिटणे. मुलाच्या हातावर आपला हात ठेवून त्या सगळे करवून घेत आणि तोंडाजवळ आल्यावर हात सैल सोडत, म्हणजे शेवटचे पाऊल मुलाने स्वतः टाकायचे. ते जमू लागले, की त्याच्या आधीचे. मला वाटले होते, शिकवणे पहिल्या पायरीपासून असते. त्या म्हणाल्या, "शेवटून सुरुवात केली की घास त्याने स्वतः खाल्ल्यासारखा होतो, फादर. त्याला गोडी लागते." एका चमच्याला काही मुलांना वर्ष लागते. त्या बाईंनी मधेच एक उसासा टाकला. मला मार्कचा तो शब्द आठवला. देवाच्या पुत्रालाही त्या कामात उसासा टाकावासा वाटला, हे मला तेव्हा धीर देणारे वाटले.

बंधू-भगिनींनो, आपल्या बोलण्यातील एका शब्दाकडे तुमचे लक्ष वेधतो. आपण मुलाला शाळेत 'घालतो'. सेंट झेवियर्समध्ये घातले, होली क्रॉसमध्ये घातले, पालिकेच्या शाळेत घातले. पण विशेष शाळेची गोष्ट निघाली की तोंडातून पटकन शब्द येतो, 'टाकले'. "त्यांनी पोराला कुठल्याशा संस्थेत टाकले." कचरा टाकतात, जुने सामान माळ्यावर टाकतात. त्या मुलीच्या आजीला नेमका हाच घोर होता. पाचव्या ठिकाणी प्रवेश मिळण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा आजी म्हणाल्या, "लोक म्हणतील, पोरगी जड झाली म्हणून टाकली. माझ्या जिवात जीव आहे तोवर मी बघीन तिला." त्या आजींचे प्रेम खोटे नव्हते. नऊ वर्षे त्यांनी नातीला भरवले, पुसले, रात्री कूस बदलून दिली. पण गर्दीपासून दूर ठेवणे दोन प्रकारचे असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ओढलेल्या दाराआड ठेवणे हा एक प्रकार. येशूने त्या माणसाला नेले तो दुसरा. येशू त्याला बाजूला घेऊन गेला आणि परत माणसांत घेऊन आला. तो माणूस स्पष्ट बोलू लागला असे मार्क लिहितो, म्हणजे त्याचे बोलणे ऐकायला कोणी तरी तिथे होतेच.

याच कसोटीवर आईवडिलांनी शाळाही पारखावी, असे मला वाटते. मुलाला बाजूला नेते आहे ते कशासाठी? वर्गात बसून पाहू देतात का? शिक्षक भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी झालेले आहेत का? प्रत्येक मुलासाठी वेगळा आराखडा लिहिला जातो का, की सगळ्यांना दिवसभर एकच रंगवायला दिले जाते? मूल घरी आल्यावर काय करायचे, हे आईला शिकवतात का? आणि ज्या मुलाला थोड्या मदतीने साध्या शाळेत बसता येईल, त्याला उगाच वेगळे काढू नये. ते प्रत्येक मुलागणिक ठरवायचे असते. सगळ्यांना एकाच वर्गात बसवले म्हणजे समता झाली, असेही नाही. बहिऱ्याला गर्दीतच उभे करून ठेवले असते तर त्याला काय मिळाले असते?

शाळा आणि संस्कार यांचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये द लेपे नावाच्या कॅथलिक धर्मगुरूला दोन मूकबधिर बहिणी भेटल्या. त्यांना धर्मशिक्षण देणारे गुरू वारले होते आणि आता या मुली देवाला कशा ओळखणार, अशी चिंता त्याला लागली. त्या काळी अनेकांची अशी समजूत होती, की विश्वास ऐकण्याने येतो असे पौलाने म्हटले आहे, म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याला तो कसा येणार? द लेपेने आधी त्या मुलींची खुणांची भाषा स्वतः शिकून घेतली आणि तिच्यातून त्यांना शिकवले. १७६० च्या सुमारास त्याने मूकबधिर मुलांसाठी मोफत शाळा काढली. त्याला फक्त दोन मुलींचा धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायचा होता. त्यातून केवढे काम उभे राहिले! आपल्याकडे मुंबईत माझगावला मूकबधिर मुलांची शाळा १८८० च्या दशकात निघाली. भारतातील अशा पहिल्या शाळांत तिची गणना होते. ती निघाली ती मुंबईचे तेव्हाचे बिशप, येशूसंघीय लिओ म्यूरिन यांच्या प्रयत्नांतून. आपल्या ख्रिस्तसभेला हे काम नवे नाही. आपण ते विसरलो आहोत, एवढेच.

पुढे मात्र या कामात आईबाप पुढे होते, आणि बहुधा असे, ज्यांच्या मुलांना कोणी घेतले नाही. मुंबईची जय वकील शाळा १९४४ मध्ये एका पारशी दांपत्याने आपल्या मुलीपासून सुरू केली. तिला डाउन सिंड्रोम होता. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, तीही आपल्या लेकीच्या, मालिनीच्या निमित्ताने. आपल्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी तरुणपणी स्वतःचे पाय गेल्यावर चाकाच्या खुर्चीत बसून १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. कितीतरी अपंग मुलामुलींना त्यांनी राहायला जागा दिली आणि शिकायला पाठवले. शेंडा पार्कातील 'चेतना' ही शाळाही तुम्ही जाता-येता पाहिली असेल. यांतली किती माणसे ख्रिस्ती आहेत हे मोजत बसू नये. दकापलीसमधली ती माणसे तरी कुठे आपल्यातली होती! त्यांनी त्या माणसाला उचलून आणले हे मार्कला महत्त्वाचे वाटले. त्यांची नावेसुद्धा त्याने दिली नाहीत.

ज्या गावात आपण राहतो त्या गावाची एक आठवण सांगतो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला होता. त्या काळी रुपया मोठा होता. मूल ही केवळ आईबापांची खासगी बाब नाही, त्याला शिकवणे हे सगळ्या राज्याचे देणे आहे, हा त्यामागचा विचार. आज कायदा त्याहून पुढे गेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत आणि एकाहून अधिक अपंगत्व हाही त्यांत स्वतंत्र धरला आहे. ज्याचे अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक आहे अशा ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत, किंवा पालक निवडतील त्या विशेष शाळेत, मोफत शिकण्याचा हक्क आहे. ज्याला शाळेपर्यंत नेणेच अशक्य आहे, त्याला घरी शिक्षण मिळण्याची सोय २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षणहक्क कायद्यात आली आहे. तेव्हा आपण दारात उभे राहतो ते भीक मागायला नव्हे.

पण हक्क कागदावर असतो आणि कागद आणावा लागतो. त्या फाइलीत सगळे होते, एक सोडून. तपासण्यांचे अहवाल होते, गोळ्यांच्या चिठ्ठ्या होत्या, पण अपंगत्वाचे नवे प्रमाणपत्र नव्हते. जुने होते, त्यात फक्त पायांचा उल्लेख. जून २०२१ पासून हे प्रमाणपत्र केंद्राच्या ऑनलाइन पद्धतीनेच दिले जाते आणि त्यासोबत यूडीआयडी हे ओळखपत्र मिळते. त्यासाठी सीपीआर रुग्णालयात तपासणीला जावे लागले. कान, बुद्धी, हातपाय, प्रत्येकाची तपासणी वेगळी आणि रांग वेगळी. नऊ वर्षांची मुलगी कडेवर घेऊन ती आई एकटी किती हिंडणार! या वेळी आपल्या महिला मंडळातील दोघीजणी तिच्याबरोबर गेल्या. एक रांगेत उभी राहिली, एक मुलीजवळ बसली. तीन हेलपाटे झाले. तिसऱ्या खेपेला कागद हातात पडला आणि त्यावर पहिल्यांदाच सगळे नीट लिहिलेले होते. मी प्रवचने खूप दिली, पण या कुटुंबासाठी त्या दोघींनी तीन सकाळी जे केले ते माझ्याकडून झाले नव्हते.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना आणखी थोडे सांगून ठेवतो. सहा वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहू नका. मान धरत नाही, आवाजाकडे वळत नाही असे दिसले की लगेच दाखवा, लहान वयात केलेल्या उपचारांचा उपयोग जास्त होतो. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे, १ लाख रुपयांपर्यंतची. आणि "आमच्यामागे हिचे कोण?" हा जो प्रश्न रात्री झोपू देत नाही, त्याच कायद्याने १८ वर्षांपुढील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याची व्यवस्था केली आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. कार्यालयात या, अर्ज भरायला मदत करू.

शाळा सुरू झाली आणि मुलीला प्रवेश मिळाला. एका वर्गात, एका महिन्याच्या कच्च्या मुदतीवर, आईने पहिले काही दिवस बाहेर थांबायचे या अटीवर. ती तीन आठवडे व्हरांड्यातील बाकावर बसली. फिट आली तर काय करायचे, औषध कुठे ठेवले आहे, हे शाळेने तिच्याकडून लिहून घेतले आणि ती भीती निम्मी कमी झाली. चौथ्या आठवड्यात बाई म्हणाल्या, आता तुम्ही घरी जा. घरी येऊन ती माउली दुपारी झोपली. नऊ वर्षांत दुपारी पहिल्यांदा झोपले, असे तिने मला सांगितले आणि ते सांगतानाही तिला अपराधी वाटत होते. मला विचाराल तर त्या दुपारच्या झोपेतही देवाची कृपा होती.

तुम्ही विचाराल, तीन महिन्यांत फरक काय पडला? ती चालत नाही. बोलत नाही. फिट अजून येते. पाठीला आधार देणाऱ्या खास खुर्चीत ती आता अर्धा तास बसते, आणि हवे असेल तर डावा हात उचलते. इतकेच. आजींनी वेळंकणी मातेचा नवस बोलला आहे, नऊ दिवसांच्या प्रार्थना कितीदा झाल्या आहेत, आणि त्या मला विचारतात, "फादर, त्या बहिऱ्याला एका शब्दात बरे केले, मग माझ्या नातीने काय केले होते?" या प्रश्नावर माझ्याजवळ उत्तर नाही आणि असल्याचा आव मी आणणार नाही. एवढे मात्र ठामपणे सांगतो, की हे कोणाच्या पापाचे फळ नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा येशूने त्याला आणि त्याच्या आईबापांना, दोघांनाही दोषातून मोकळे केले. कुणी या आजींना अजून तसले काही सुचवत असेल तर कृपा करून थांबावे.

'इप्फाथा', मोकळा हो, हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी लागू झाला आहे. स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू बाळाच्या कानांना आणि ओठांना स्पर्श करून प्रार्थना करतो, ती याच उताऱ्यावरून. नऊ वर्षांपूर्वी, आपल्या या वेदीपुढे, त्या मुलीच्याही कानांना आणि ओठांना असा स्पर्श झाला होता. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या दिवशी बाकांवर होते आणि तिच्यासाठी उत्तरे देत होते. नंतर ती दिसेनाशी झाली तेव्हा आपण, मी धरून, काही विचारले नाही. म्हणून मला वाटते, तिच्या बाबतीत हा शब्द अजून संपलेला नाही, आणि सध्या तो बहुधा आपल्या कानांशी बोलला जात आहे.

याकोबाचे पत्र आज अगदी योग्य जागी आले आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की त्याला चांगली जागा, आणि गरिबाला म्हणायचे, तू तिकडे उभा राहा. आपल्या चर्चमध्ये अंगठी पाहून जागा देत नाहीत, हे मी मान्य करतो. पण तीन-चार वर्षांपूर्वी त्या मुलीला घेऊन तिची आई एकदा मिस्सेला आली होती. अर्पणाच्या वेळी मुलगी मोठ्याने ओरडली. पुढच्या दोन बाकांवरच्या माना वळल्या. कोणी बोलले काहीच नाही. आई उठून व्हरांड्यात गेली आणि त्यानंतर आली नाही. तेव्हापासून ती आणि तिचे पती पाळीपाळीने मिस्सेला येतात, एकजण घरी थांबतो. पती-पत्नी देवाच्या घरी एकत्र बसलेले कित्येक वर्षांत कोणी पाहिले नाहीत, आणि आपल्याला ते खटकले नाही.

आणि इथेच तरुण मंडळालाही एक सांगतो. नाताळात तुम्ही अशा शाळेत केक घेऊन जाता ते चांगले आहे. पण येशूने त्या माणसाला बाजूला नेले तेव्हा सोबत फोटो काढणारा नेला नव्हता, आणि झाल्यावर कोणाला सांगू नका असेही म्हणाला. जायचे तर दर महिन्याला जा, दोन तास बसा, एकाला तरी भरवायला शिका.

आता मुख्य गोष्ट. ख्रिस्तराजाच्या सणाला ही मुलगी इतर मुलांबरोबर प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणार आहे. तिला काय समजते, असे दोघातिघांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. पोप पायस दहावे यांनी १९१० मध्ये लहान मुलांना ख्रिस्तशरीराचे दार उघडले, तेव्हा फार मोठी परीक्षा ठेवली नव्हती. ही रोजची भाकर नाही, वेगळी भाकर आहे, एवढे मुलाने आपल्या परीने ओळखावे. अमेरिकेतील बिशपांनी १९९५ मध्ये अशा मुलांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत ही ओळख शब्दांनीच दाखवली पाहिजे असे नाही, नजरेने, खुणेने, शांत होण्यानेही ती दिसू शकते, असे म्हटले आहे. गेले दोन महिने आपल्या धर्मशिक्षिका दर शनिवारी तिच्या घरी जातात. मेणबत्ती लावतात, क्रूस हातात देतात, एकच गाणे म्हणतात. भाकरीचा तुकडा दिला तर ती तोंड उघडते. रिकामी पवित्र थाळी समोर धरली तर ती डावा हात उचलते आणि स्थिर पाहत राहते. मी दोनदा पाहिले. मला पुरे आहे.

तिला गिळायला त्रास होतो, म्हणून होस्तियाचा अगदी लहान कण पाण्याबरोबर देऊ. बाजूच्या दाराच्या दोन पायऱ्यांवर उतार करण्याचे काम धर्मग्राम मंडळाने मंजूर केले आहे, ते ऑक्टोबरात होईल. तोपर्यंत खुर्ची उचलायला चार माणसे लागतील. नावे कार्यालयात द्यावीत. डावीकडील दुसरा बाक अर्धा कापून तिथे चाकाच्या खुर्चीपुरती जागा केली आहे. त्या बाकावर वर्षानुवर्षे बसणाऱ्यांनी रागावू नये, त्यांच्यासाठी मागे जागा आहे.

पुढच्या रविवारी साडेआठच्या मिस्सेला ती आईवडील आणि आजी यांच्यासह येणार आहे. शाळेतल्या बाईंनी सांगितले, की तिला घंटेचा आवाज कळतो आणि आवडतो. त्यामुळे अर्पणाची घंटा झाली की ती बहुधा ओरडेल. ते आनंदाचे ओरडणे असते. मी तेव्हा थोडा थांबेन. तुम्हीही मागे वळून न पाहता थांबा, तिचे झाले की पुढे जाऊ.